विनाकारण

भालचंद्र वालावलकरांनी मला मारलं, हे आमच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या खालच्या ओठावर डावीकडे एक पांढरी रेघ आहे. नव्याने आलेल्यांना जुने लोक ती लांबूनच दाखवतात. का मारलं, हे कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर एका कागदावर आहे, आणि तो कागद मी लिहिलेला आहे.

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. सर म्हटलेलं त्यांना चालत नसे. ‘सर म्हटलं की माणूस खोटं बोलायला लागतो,’ असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ठेंगणे, रुंद, मान जवळजवळ नाहीच. उजव्या हाताच्या पेरांवर कायम खपल्या, कारण राग आला की ते भिंतीला ठोसा मारत, आणि राग आठवड्यातून दोनदा तरी येई. पन्नाशीला टेकले होते. डिलाईल रोडच्या ज्या चाळीत जन्मले त्याच चाळीत राहत. टायपायला बसले की असे तुटून पडत की कीबोर्डची अक्षरं उडून जमिनीवर सापडायची.

लोअर परळला, गिरणी पाडून उभ्या केलेल्या एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस. गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. पट्ट्यावरून खोकी जातात. कुठलं खोकं कुठल्या गावाचं ते ओळखून एक यांत्रिक हात त्याला बाजूच्या गाळ्यात ढकलतो. तो हात कधी हलवायचा, पट्टा कधी थांबवायचा, हे आमचं काम. नऊ जणांची टीम. भाऊ तिचे प्रमुख आणि मी त्यांच्या खालोखालचा.

ते आले त्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा वर्षभराच्या कामाचा तक्ता फाडला. खाली उतरवला नाही, फाडला. मग पिशवीतून नायलॉनची दोरी काढली, दोन खिळे ठोकले आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधतात तशी ती भिंतीभर ताणली. तिला पाच चिमटे. एका चिमट्याला एक काम, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलेलं. पाच चिमटे म्हणजे पाच कामं. सहावं घ्यायचं तर आधी एक पुरं करून उतरवायचं. दर दोन आठवड्यांनी जे पुरं झालं ते गिऱ्हाइकाला दाखवायचं, मग पुढचं. नव्या पद्धतीने टीम चालवायची म्हणजे काय, यावर आमच्या कंपनीने तोवर तीन शिबिरं घेतली होती. त्यांत जे कळलं नव्हतं ते त्या दोरीवर कळलं.

चौथ्या दिवशी डिरेक्टर एक पुठ्ठा नाचवत आले. ‘भालचंद्र, हे अर्जंट आहे.’

‘चिमटा नाही.’

‘अहो, मग एक चिमटा आणा की.’

‘चिमटा आणीन. माणसं कुठून आणू?’

‘तुम्ही जरा प्रॅक्टिकल व्हा.’

भाऊंनी खिशातून एक चिमटा काढला, तो पुठ्ठा डिरेक्टरांच्या टायला लावला आणि म्हणाले, ‘इथे वाळू दे. सुकलं की घेतो.’ आम्ही हसलो. डिरेक्टरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

रोज सकाळी पावणेदहाला त्या दोरीखाली आम्ही उभं राहायचं. बसायचं नाही, बसलं की माणूस पसरतो. प्रत्येकाने दोन वाक्यांत काल काय केलं ते सांगायचं. मग भाऊ एकच विचारायचे, मालवणीत: ‘खंय अडलां?’ कुठे अडलंय. यावर ‘कुठे नाही’ असं लागोपाठ तीन दिवस कोणी म्हटलं तर चौथ्या दिवशी भाऊ त्याच्या नाकाला नाक लावून उभे. ‘तीन दिवस कुठेच अडलं नाही? म्हणजे काम केलं नाहीस. नाहीतर खोटं बोलतोयस. काय ते ठरव.’ आमच्यातला एक जण यावर रडला होता. भाऊंनी त्याला कँटीनमध्ये नेऊन दोन वडे खायला घातले आणि परत आणून पुन्हा विचारलं, ‘आता सांग. खंय अडलां?’ तेव्हा त्याने सांगितलं, आणि ते फारच साधं होतं.

एकदा आम्ही सकाळी आलो तर दोरीशेजारी मोठा टीव्ही लावलेला. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्या आठवड्यात त्याने किती काम उपसलं त्याचे गुण, शाळेच्या निकालासारखे. डिरेक्टरांची कल्पना. भाऊ वाचत उभे राहिले. त्यांचं स्वतःचं नाव सातवं होतं. मग त्यांनी बॅगेतून स्टीलचा जेवणाचा डबा काढला आणि मधोमध फेकून मारला. टीव्ही फुटला, डबा फुटला, भिंतीवरून बांगड्याची आमटी ओघळली. ‘माणसांची घोडी करू नका,’ एवढंच म्हणाले आणि कागदाने भिंत पुसायला लागले. तो वास आठवडाभर गेला नाही.

आणि याच माणसाचा एक नियम होता. दोन आठवड्यांचं काम संपलं की सगळ्यांनी एका खोलीत बसून काय चुकलं ते बोलायचं; त्याला आम्ही रेट्रो म्हणायचो. त्या खोलीत माणसाचं नाव घ्यायला बंदी. ‘धागा कुठे तुटला ते सांगा. कोणी तोडला ते नको.’ कोणी चुकून ‘अमक्याने केलं’ म्हटलं की भाऊ टेबलावर मूठ आपटत आणि त्याला वाक्य पुन्हा बोलायला लावत. बाहेर मूठ उगारणारा माणूस त्या खोलीत कोणालाही बोट दाखवू देत नसे. मला हा तेव्हा विनोद वाटायचा.

याच्या मुळाशी जे होतं ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील गिरणीत विणकर होते. मागाला एक पट्टी असते. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा टोकदार धोटा मध्येच अडकला की ती माग आपोआप थांबवते. माग थांबला की कापड कमी, म्हणून काही विणकर ती पट्टी सुतळीने बांधून ठेवत. भाऊंच्या वडिलांनीही बांधली होती. एका दुपारपाळीत धोटा अडकला, माग थांबला नाही, आणि धोटा उडून पलीकडच्या मागावरच्या माणसाच्या डोळ्यात घुसला. तो माणूस त्यांच्याच चाळीत, समोरच्या खोलीत राहायचा.

‘वीस वर्षं,’ भाऊ म्हणाले, ‘रोज सकाळी तोंड धुवायला बाहेर आलं की समोर तो एक डोळा. बापाने तोंड धुणं सोडलं नाही. मान वर करणं सोडलं.’

तेव्हापासून आमच्यात सुतळी हा शब्द रुजला. सॉफ्टवेअर बाहेर जाण्याआधी त्यावर शेकडो तपासण्या आपोआप चालतात. एखादी लाल झाली की पुढचं सगळं थांबतं. ती तपासणीच गुपचूप बंद करून ठेवता येते. एक शब्द लिहायचा, की लाल दिवा जातो. तसं करणं म्हणजे सुतळी बांधणं. दर वेळी माल पाठवण्याआधी भाऊ दोरीखाली उभे राहून विचारत, ‘सुतळी आहे कोणाची?’ आणि आम्ही एकेक करून ‘नाही’ म्हणत असू.

फ्रेडा गिरगावची, आमच्या तपासण्या लिहिणारी. भाऊंना तोंडावर ‘वालावलकर’ म्हणणारी ती एकटीच. एकदा तिने एक चूक पकडली आणि माल दोन दिवस अडला. गिऱ्हाइकाचा एक मॅनेजर तावातावाने ऑफिसात आला. फ्रेडाच्या खुर्चीपाशी उभा राहून आधी ओरडला, मग तिचं मनगट धरलं आणि ‘चल, तूच सांग माझ्या साहेबाला’ म्हणत तिला खुर्चीतून ओढलं. खुर्ची उलटली. फ्रेडाचा गुडघा जमिनीवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. मी माझ्या जागेवर होतो, चार पावलांवर. उठलो नाही.

भाऊ कुठून आले ते दिसलं नाही. त्यांनी त्या माणसाला कॉलरला धरून काचेच्या भिंतीवर आपटलं. पहिल्यांदा काच नुसती थरारली. दुसऱ्यांदा ती फुटली आणि दोघंही पलीकडच्या पॅसेजमध्ये पडले, तो खाली, भाऊ वर. भाऊ मारतच होते. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत फाटला होता आणि प्रत्येक ठोशासरशी रक्त भिंतीवर उडत होतं.

‘सोड त्याला, वालावलकर, मरेल तो!’ फ्रेडा ओरडली.

‘मरू दे मेल्याक!’

चौघांनी मिळून त्यांना ओढलं. फ्रेडाने स्वतःच्या ओढणीने त्यांचा हात बांधला आणि दातओठ खात म्हणाली, ‘मी काय बाहुली आहे, मॅन? मीच मारली असती त्याला.’

‘माझां चुकलां,’ भाऊ म्हणाले. ‘पुढच्या टायमाला तू मार. मी धरीन.’

तो मॅनेजर पोलिसांत गेला नाही, कारण गेला असता तर फ्रेडाही गेली असती. पण डिरेक्टरांनी भाऊंना पत्र दिलं: यापुढे ऑफिसात कोणाच्याही अंगावर हात टाकलात तर त्याच दिवशी नोकरी संपली. भाऊंनी ते पत्र दोरीवर चिमटा लावून टांगलं. येता-जाता आम्ही सगळे ते वाचत होतो. मीही वाचत होतो.

आता माझं.

शिवडीच्या एका मोठ्या गोदामासाठी आम्ही नवीन काम करत होतो. भाऊंनी सगळ्या टीमला तिथे एक अख्खी पाळी उभं केलं. ‘ज्याच्यासाठी करता त्याच्या जागी जाऊन उभे राहा,’ हे त्यांचं नेहमीचंच. तिथे पट्ट्यावर सुमन जाधव नावाची बाई होती, चाळिशीची, अँटॉप हिलला राहणारी. तिने आम्हाला खोकी उचलायला शिकवलं. माझ्या हातून एक निसटलं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, ‘साहेब, खोका आहे, नवरी नाही. लाजू नका, घट्ट धरा.’ पट्ट्यात खोकं अडकलं की जाळीचं दार उघडायचं, दार उघडलं की पट्टा थांबतो, मग हात घालून खोकं काढायचं, हेही तिनेच दाखवलं. दार उघडल्यावर पट्टा थांबवणं, हा आमच्या नव्या सॉफ्टवेअरचा भाग होता. माझा भाग.

त्याची तपासणी दहातून एकदा लाल व्हायची. मला वाटलं, तपासणीच खोटी आहे. दाराची नक्कल करणारा प्रोग्राम मंद आहे, बाकी सगळं ठीक. शुक्रवारी गोदामाच्या साहेबांना काम दाखवायचं होतं. गुरुवारी दुपारी ती पुन्हा लाल झाली. भाऊ त्या दिवशी शिवडीला होते. मी तो एक शब्द लिहिला. सोमवारी नीट बघू, असं स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी भाऊंनी दोरीखाली विचारलं, ‘सुतळी आहे कोणाची?’

माझी पाळी आली. मी ‘नाही’ म्हणालो. आवाज अगदी नेहमीसारखा आला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

शुक्रवारी रात्रीच ते काम शिवडीच्या पट्ट्यावर चालू झालं. सोमवारी दुसरंच काहीतरी निघालं. मंगळवारी सकाळी शिवडीला खोकं अडकलं. सुमन जाधवने दार उघडलं, हात घातला. पट्टा थांबला नव्हता. यांत्रिक हात आपल्या वेळेला पुढे आला आणि तिची उजव्या हाताची चार बोटं लोखंडी कडेवर घेऊन गेला. अंगठा राहिला. पट्टा तसाच चालू होता; पुढची सहा खोकी रक्ताने माखून आपापल्या गावांच्या गाळ्यात बरोबर जाऊन पडली. हे मी कॅमेऱ्याच्या चित्रफितीत पाहिलं. भाऊंनी हे प्रत्यक्ष पाहिलं, कारण ते तिथे उभे होते. तुटलेली बोटं त्यांनी आपल्या रुमालात गोळा करून इस्पितळात नेली. ती जोडता आली नाहीत.

दुपारी तीनला ते ऑफिसात आले. शर्टावर वाळलेलं रक्त.  संगणकापाशी बसले, दहा मिनिटं काहीतरी उघडून वाचलं. सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद आपोआप राहते. ते उठले आणि मला म्हणाले, ‘मिलिंद, जरा ये.’

मीटिंगच्या खोलीच्या दारात त्यांनी माझा उजवा हात धरला. मला वाटलं, आत नेतायत. त्यांनी माझी चार बोटं दाराच्या बिजागरीच्या फटीत घातली आणि दुसऱ्या हाताने दार धरलं.

‘थांबतो का बघूया,’ ते म्हणाले.

मी किंचाळलो. सगळे उठून उभे राहिले. दार इंचभर हललं. बोटांवर लाकूड टेकल्याचं मला जाणवलं आणि माझी पँट ओली झाली. त्याबद्दल मी आजवर कोणाशी बोललेलो नाही.  भाऊ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मग बोटांकडे. मग त्यांनी दार सोडलं, माझा हात बाहेर काढला आणि त्याच्या बदल्यात मला मारलं. पहिल्या ठोशात ओठ फाटला. दुसऱ्यात दात गेला. तिसरा कानावर बसला आणि मी खाली पडलो. मग त्यांनी लाथा घातल्या. फ्रेडाने मागून मिठी मारून त्यांना ओढलं तेव्हा ते भिंतीशी बसले आणि आपल्याच कपाळावर मुठी मारून घेऊ लागले.

एवढं होऊनही त्यांनी कारण उच्चारलं नव्हतं. ‘थांबतो का बघूया’ म्हणजे काय, हे फक्त मला कळलं. फ्रेडाला थोड्या वेळाने कळलं. तिने जाऊन तीच नोंद पाहिली.

ओठाला टाके घालून आल्यावर एचआरच्या बाईंनी माझ्यासमोर तक्रारीचा फॉर्म ठेवला. घटना, वेळ, साक्षीदार, कारण. मी घाबरलो होतो असं आता इथे लिहिलं तर सोपं जाईल. खरं असं की मला राग आला होता. सगळ्यांसमोर ओल्या पँटने पडलो होतो. आणि त्या रागातही मला नीट दिसत होतं की त्या शेवटच्या रकान्यात मी जे लिहीन त्यावर आमच्या दोघांतला एक जण राहणार आणि एक जाणार. मी लिहिलं: विनाकारण.

चौकशीला डिरेक्टर, एचआरच्या बाई आणि कंपनीचे वकील. भाऊ समोर, मी बाजूला.

‘यांना मारलंत?’ वकिलांनी विचारलं.

‘मारलं.’

‘कारण?’

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत होतो.

‘रेट्रोत आम्ही नाव घेत नाही.’

‘मिस्टर वालावलकर, ही रेट्रो नाही.’

‘मी बसलोय तिथे तीच.’

‘शिवडीची तपासणी बंद होती म्हणे. ती कोणी बंद केली?’

‘टीमने. टीम माझी.’

नोंदीत माझं नाव होतं. बघायचं असतं तर त्या खोलीतल्या कोणालाही पाच मिनिटांत दिसलं असतं. कोणाला बघायचं नव्हतं, कारण गोदामवाल्यांनी एव्हाना आपला अहवाल दिला होता: पट्टा थांबल्याची खात्री न करता कामगार महिलेने निष्काळजीपणे हात घातला. कंपनीला तो अहवाल पुरेसा होता. वकिलांनी भाऊंपुढे एक कागद सरकवला. शिवडीबद्दल बाहेर कोणाशीही बोलायचं नाही. बोललात तर माझी तक्रार पोलिसांत जाणार. साक्षीदार सात होते. भाऊंनी सही केली आणि गेले. त्यांच्या जागी मला बसवलं.

फ्रेडाने आठवड्यात राजीनामा दिला. जाताना माझ्या टेबलाशी थांबली. ‘मी बोलणार होते,’ ती म्हणाली. ‘त्यानेच शपथ घातली. तू लकी आहेस, मॅन. दहाच्या दहा बोटांनी टाईप कर.’

मी सहा वर्षं त्या जागेवर बसलो. दोरी काढली, पण चिमट्यांचा हिशेब, उभ्याने बोलणं, नाव न घेणं, सगळं चालू ठेवलं. त्यावर मी भाषणंही देतो. या वर्षी नव्याने आलेल्या एका मुलीने अशाच एका भाषणानंतर विचारलं, ‘सर, सुतळी हा शब्द कुठून आला?’ मी माग, धोटा, तो डोळा, सगळं सांगितलं.  ‘सर, हे तुमचे वडील?’ तिने विचारलं. मी मान हलवली. हो असं म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. माझे वडील दादरला शाळेत शिक्षक होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून चिंचपोकळीला गेलो. भाऊ तिथे स्प्रिंगा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कामाला आहेत, असं ऐकून होतो. बाहेरूनच त्यांचा आवाज आला. यंत्राचं झाकण उघडं ठेवल्याबद्दल ते कोणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत होते. केस पांढरे झालेले. मला पाहून थांबले.

‘ओठ बरा जुळला,’ ते म्हणाले.

मी उभ्याउभ्याच बोललो. विनाकारण हा शब्द मीच लिहिला, तक्रार मागे घेतो, सगळं लिहून देतो, पाहिजे त्याला सांगतो. ते हातातली स्प्रिंग दाबत आणि सोडत ऐकत होते.

‘कोणाला सांगणार? त्या डिरेक्टरला? तो गेला दुबईला. मला माहीतच आहे. उरलं कोण?’

त्यांनी स्प्रिंग पुन्हा दाबली.

‘सुमन अजून म्हणते, माझंच लक्ष नव्हतं. सासू म्हणते, हिला घाईच फार. नवरा प्यायला की तिचाच हात तिच्या तोंडासमोर नाचवतो. मी जातो महिन्याला. पाणी भरतो, सिलेंडर चढवतो.’

‘तुम्ही तिला सांगितलं नाहीत?’

‘दर वेळी सांगायलाच जातो. चहा पिऊन येतो.’

‘त्या कागदाला भ्यालात?’

‘कागद गेला खड्ड्यात. तिच्या तोंडाला भ्यालो.’ स्प्रिंग त्यांच्या बोटांतून उडाली आणि पत्र्यावर आदळली. ‘पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं. मग प्रत्येक महिन्याला ते जास्त जड होत गेलं. तू सांगशील?’

‘हो.’

‘चल.’

‘आत्ता?’

 त्यांनी स्कूटरला किक मारली. मी मागे बसलो.

अँटॉप हिलच्या उतारावर, सरकारी इमारतींच्या खालच्या अंगाला तिची खोली. ती एकटीच होती. भाऊ आत आले नाहीत. ‘मी हय उभो आसंय,’ म्हणाले.

तिने मला ओळखलं. ‘नवरीवाले साहेब,’ म्हणाली आणि हसली. मग स्टोव्हकडे वळली. मी म्हणालो, चहा नको, आधी ऐका. तपासणी, सॉफ्टवेअर हे शब्द तिथे बोलता येईनात. शेवटी म्हणालो, ‘दार उघडलं की पट्टा थांबतो की नाही, हे बघायची एक गोष्ट होती. थांबत नाही, असं ती सांगत होती. मी तिचं तोंड बंद केलं. शुक्रवारी साहेबांना दाखवायचं होतं म्हणून.’

ती स्टोव्ह सोडून माझ्याकडे वळली.

‘म्हणजे पट्टा थांबायला पाहिजे होता?’

‘हो.’

‘म्हणजे मी बरोबर केलं होतं?’

‘तुम्ही अगदी बरोबर केलं होतं.’

तिने डाव्या हाताने उजवा हात धरला. मला वाटलं, आता मारेल. मी चेहरा पुढे केला. तिने दाराबाहेर पाहिलं.

‘ह्यांना ठाऊक होतं?’

मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का, ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हणालो, ‘पहिल्या दिवसापासून.’

ती मला धक्का देऊन बाहेर गेली. भाऊ स्कूटरपाशी उभे होते. तिने उजवा हातच उगारला, तो बोटं नसलेला, आणि त्यांच्या तोंडावर मारला. मग पुन्हा. पंज्याचं ते बोथट टोक त्यांच्या गालाच्या हाडावर बसत होतं आणि प्रत्येक वेळी तिलाच कळ येत असावी, कारण ती मारताना कण्हत होती.

‘सहा वर्षं! सहा वर्षं ह्या हातचा चहा प्यालात! घोट गिळवला कसा?’

भाऊंचं नाक फुटलं. रक्त मिशीवरून शर्टावर आलं. त्यांचे हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत राहिले.

मी धावत गेलो. ‘सुमनताई, चूक माझी आहे, मला मारा.’

तिने वळूनही पाहिलं नाही. ‘तुम्ही कोण? तुम्ही एकदा आलात. हे दर महिन्याला आले.’

भाऊ मला म्हणाले, ‘तू मधी येव नको.’

तोवर आवाज ऐकून शेजारची दोन माणसं खाली उतरली. त्यांना वाटलं, याच माणसाने बाईची छेड काढली. एकाने भाऊंची गचांडी धरून त्यांना भिंतीकडे रेटलं, दुसऱ्याने पोटात गुद्दा घातला. भाऊंनी पहिल्याचं मनगट पिरगाळून त्याला नाल्याकडे भिरकावलं, दुसऱ्याला छातीवर हात ठेवून दूर लोटलं, आणि तोंडावरचं रक्त न पुसता पुन्हा तिच्यासमोर, होते त्याच जागी, येऊन उभे राहिले.